आरोपीच्या पिंजऱ्यातले इंजिन

अपघाताचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे सर्वांत मोठा मोह असतो तो एकाच कारणाचा. घटना अनेक धाग्यांनी विणलेली असते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातला एकच धागा हवा असतो. कथेला खलनायक का लागतो, याची चर्चा साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण नेहमी करतो. रेल्वेच्या इतिहासालाही तो लागतो, हे दाखवणारे एक उदाहरण आम्हांला येथे मांडावयाचे आहे. हे उदाहरण अमेरिकेतील एसडीपी-४०-एफ या डिझेल इंजिनाचे.

१ मे १९७१ रोजी ॲमट्रॅक ही प्रवासी रेल्वेसंस्था सुरू झाली, तेव्हा तिच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे फारच थोडे होते. खासगी कंपन्यांनी आपल्या तोट्यातल्या प्रवासी गाड्या तिच्या पदरात टाकल्या. इंजिने जुनी, डबे जुने आणि रूळ बहुतांशी त्याच कंपन्यांच्या मालकीचे. अशा स्थितीत १९७३-७४ मध्ये जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने तिला १५० नवी इंजिने बांधून दिली. ३,००० अश्वशक्तीचे, सहा आसांचे हे इंजिन मालवाहतुकीत नावाजलेल्या एसडी-४०-२ या इंजिनाचे भावंड होते. जुने डबे वाफेने तापवावे लागत. म्हणून त्याच्या मागील भागात वाफ तयार करणारी दोन यंत्रे बसवली होती आणि त्यांच्यासाठी पाण्याचा साठाही होता. ॲमट्रॅक टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. ती बुडाल्यास इंजिन मालगाडीला जुंपता यावे, असाही विचार रचनेत होता. बारशाच्या दिवशीच मृत्युपत्र लिहून ठेवावे, तसा हा प्रकार!

पुढच्या दोन-तीन वर्षांत या इंजिनांच्या गाड्या वळणांवर रुळांवरून घसरू लागल्या. डिसेंबर १९७६ मध्ये नेब्रास्कातील राल्स्टन येथे अपघात झाला आणि त्यानंतर बर्लिंग्टन नॉर्दर्न कंपनीने या इंजिनाला आपल्या मार्गांवर बंदीच घातली. दरम्यान चौकश्या चालू होत्या, चाचण्या होत होत्या. इंजिनाचा भार चाकांवर पोहोचवणारी आडवी तुळई पोकळ होती. काहींचा संशय तिच्यावर होता. टाकीतले पाणी वळणावर हिंदकळते व तोल बिघडवते, असे काहींचे म्हणणे. अवजड इंजिनामागे जोडलेला सामानाचा हलका डबा हादरे वाढवतो, असेही सुचवले गेले. चौथा संशय रुळांवर होता.

या चौथ्या संशयापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. पेन सेंट्रलसारख्या प्रचंड कंपनीचे १९७० मध्ये दिवाळे निघाले होते, आणि पैशाअभावी देखभाल पुढे ढकलणे हा अनेक मार्गांवरचा नित्यक्रम झाला होता. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या रुळाला बाजूला रेटत असते. त्या रेट्याला तोंड देतात ते स्लीपर, त्यांना रूळ जखडणारे खिळे आणि सभोवतालची खडी. हे सारे सैल पडले असेल, तर एरवी खपून जाणारा रेटा घातक ठरतो. तेव्हा प्रश्न असा की, रेटा जास्त होता की आधार कमी? रूळमालकाला पहिले उत्तर सोयीचे, तर इंजिन बनवणाऱ्याला दुसरे. ॲमट्रॅकला मात्र परक्या रुळांवरूनच जावयाचे होते. सर्वांना मान्य होईल असे एकच कारण कधी ठरले नाही, पण निकाल मात्र लागला. रूळ सुधारण्याला वर्षे आणि अमाप पैसा लागतो. इंजिन बदलणे त्यामानाने सोपे. १९७६ पासून आलेल्या चार आसांच्या एफ-४०-पीएच इंजिनांनी त्यांची जागा घेतली. ती डब्यांना विजेचा पुरवठा करीत, त्यामुळे वाफ आणि पाणी हा विषयच संपला. बहुतेक जुनी इंजिने कारखान्याकडे परत गेली व त्यांचे भाग नव्यांत वापरले गेले. खलनायकाच्या हाडांतूनच नायक घडवला गेला, असे म्हटले तरी चालेल.

कथा येथे संपली असती, तर ती नीटस झाली असती. परंतु उरलेली १८ इंजिने १९८४ मध्ये सांता फे कंपनीने आपली काही जुनी इंजिने देऊन बदल्यात घेतली आणि मालगाड्यांना लावली. त्यांचे काम २००२ पर्यंत चालले. ६४४ क्रमांकाचे एक इंजिन आजही जतन केलेले आहे.

म्हणून इंजिन निर्दोष होते काय? तसा उलटा निकाल देण्याची घाई आम्ही करणार नाही. प्रवासी गाडीचा वेग, मागचा हलका डबा, वाफेचा संसार हे सारे मालगाडीत नव्हते. काम बदलले, सोबत बदलली. एकाच शब्दाचा अर्थ वाक्य बदलताच पालटतो, हे वर्गात आपण रोज शिकवतो. या यंत्राचेही तसेच झाले. त्याचा दोष शोधायचा तर तो चाक आणि रूळ जेथे एकमेकांना टेकतात तेथे शोधावा लागतो, आणि त्या जागेची मालकी दोघांपैकी एकाकडेही नसते. इतिहासलेखकाने खलनायकाचे नाव लिहिण्यापूर्वी निदान त्या जागेपर्यंत वाकून पाहावे. तसे न करता एकाला शिक्षा झाली की बाकीचे सुटतात, आणि सैल खिळ्यांच्या वळणावरून पुढची गाडी धावतच राहते; तिच्यात माणसे असतात.