सिएना : डोंगरावरचं गाव आणि त्याचं नऊशे वर्षांचं रुग्णालय



आज औषधांविषयी नाही, एका गावाविषयी बोलू या. इटलीच्या तोस्काना प्रांतात टेकड्यांवर वसलेलं सिएना. पर्यटक तिथे चौक आणि चर्च पाहायला जातात. डॉक्टरने मात्र तिथलं पाणी, रुग्णालय आणि शेजार पाहावा.

पाण्याची सोय

टेकडीवरचं गाव, जवळ मोठी नदी नाही. मग पाणी आणायचं कुठून? सिएनाच्या लोकांनी जमिनीखाली बोगदे खणले. त्यांना 'बोत्तिनी' म्हणतात. त्यांची एकूण लांबी सुमारे 25 किलोमीटर आहे आणि त्यातलं बरंच काम मध्ययुगातलं आहे. हे पाणी सार्वजनिक हौदांत येई. फोन्तेब्रांदा या जुन्या हौदाची रचना पाहा. पहिला हौद पिण्याच्या पाण्याचा, त्यातून ओसंडलेलं पाणी जनावरांसाठी, आणि शेवटचं धुण्यासाठी. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पण पिण्याचं आणि धुण्याचं पाणी वेगळं ठेवण्याची शिस्त होती.

पायऱ्यांसमोरचं रुग्णालय

रोमकडे पायी जाणारे यात्रेकरू फ्रान्सिजेना मार्गाने सिएनातून जात. थकलेले, आजारी, पाय फुटलेले. त्यांच्यासाठी मुख्य चर्चच्या पायऱ्यांसमोर 'सान्ता मारिया देल्ला स्काला' हे रुग्णालय उभं राहिलं. 'स्काला' म्हणजे पायऱ्या. सोरोरे नावाच्या चांभाराने ते सुरू केलं अशी दंतकथा आहे. कागदोपत्री त्याचा पहिला उल्लेख 1090 सालचा आहे.

इथे फक्त आजाऱ्यांची सोय नव्हती. टाकून दिलेली बाळं इथे घेतली जात, दाया ठेवून वाढवली जात, आणि मुलींना हुंडा देऊन लग्न लावून दिलं जाई. गरिबांना अन्न मिळे. हा खर्च दानातून आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या शेतीतून भागे.

1440 च्या सुमारास दोमेनिको दि बार्तोलो या चित्रकाराने इथल्या दालनाच्या भिंतींवर रुग्णालयाचं रोजचं काम रंगवलं. एका चित्रात वैद्य काचेच्या भांड्यातली लघवी निरखून पाहत आहेत. शेजारी मांडीला जखम झालेल्या तरुणाचे पाय धुतले जात आहेत, आणि पुढे चक्क कुत्रा-मांजराचं भांडण चाललंय! लघवी तपासणी किती जुनी आहे, हे पेशंटला सांगताना मला हे चित्र नेहमी आठवतं.

1348 चं संकट

याआधी सिएना भरभराटीत होतं. आपलं चर्च जगात मोठं व्हावं म्हणून 1339 मध्ये त्याचा प्रचंड विस्तार सुरू झाला. नऊ वर्षांत प्लेग आला. निम्म्याच्या आसपास लोक गेले असावेत. आन्योलो दि तुरा या बखरकाराने आपली पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरल्याचं लिहून ठेवलं आहे.

प्लेग एका जिवाणूमुळे होतो, उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात. जिवाणू सापडला 1894 मध्ये. आज वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेक रुग्ण वाचतात. आन्योलोकडे यातलं काहीच नव्हतं.

चर्चचा तो विस्तार पुढे कधीच पूर्ण झाला नाही. अर्धवट भिंत आजही उभी आहे. रुग्णालय मात्र चालू राहिलं. 1347 मध्ये जन्मलेली संत कॅथरिन इथेच रुग्णांची शुश्रूषा करायची. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत इथे रुग्ण होते. लेखक इटालो काल्विनो यांचं निधन 1985 मध्ये इथेच झालं. आता तिथे संग्रहालय आहे.

शेजाराची परंपरा

सिएनात 17 मोहल्ले आहेत, त्यांना 'कोन्त्रादा' म्हणतात. त्यांच्या हद्दी 1729 मध्ये ठरल्या, त्या आजही तशाच आहेत. दरवर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्टला मुख्य चौकात 'पालिओ' ही घोड्यांची शर्यत होते. 10 मोहल्ले धावतात. घोड्यावर खोगीर नसतं, आणि स्वार पडला तरी घोडा पहिला आला की मोहल्ला जिंकतो!

शर्यत जेमतेम दीड मिनिटात संपते, मोहल्ला मात्र वर्षभर सोबत असतो. मूल जन्मलं की मोहल्ल्याच्या कारंज्यावर त्याचं स्वागत होतं. एकत्र जेवणावळी होतात, अडचणीत मदत होते. एकटेपणा तब्येतीला घातक असतो हे आपण डॉक्टर आता सांगतो. या गावाने त्यावरचा उपाय परंपरेत बांधून ठेवला आहे.

मित्रहो, गावाची श्रीमंती दाखवणारी भिंत अर्धी राहिली. टिकलं ते पाणी, शुश्रूषा आणि शेजार. आपल्या इमारतीत एकटे राहणारे कुणी आजी-आजोबा असतील, तर आज त्यांचं दार जरूर वाजवा. त्यासाठी कुठलंही प्रिस्क्रिप्शन लागत नाही.