शहाजी या नावाचे कूळ

लखनौच्या इंदिरा नगरात कोणी ‘शाहजी’ अशी हाक मारली, तर ती एखाद्या फकिराला उद्देशून असावी असे तेथील ऐकणारा सहज मानील. मराठी माणसाच्या मनात मात्र त्या ध्वनीबरोबर शिवछत्रपतींचे जनकच उभे राहतात, आणि या नावाच्या उगमाचा विचार करता दोघांचेही म्हणणे खरे ठरते.

वेरूळचे मालोजी भोसले व फलटणच्या निंबाळकरांची कन्या उमाबाई यांना संतान नव्हते, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला गेला, आणि पुढे झालेल्या दोन पुत्रांपैकी थोरल्यास शहाजी व धाकट्यास शरीफजी असे नाव ठेवले, ही हकीकत बखरींतून चालत आलेली आहे. एकाच पिराचे नाव दोघा भावांत असे वाटले गेलेले पाहता तिच्यावर अविश्वास ठेवण्यास मला तरी कारण दिसत नाही. खंडोबाच्या कृपेचा खंडोजी, तसा पिराच्या कृपेचा पिराजी, ही आपल्या खेड्यापाड्यांची जुनीच वहिवाट आहे. मध्ययुगीन वेल्समध्येही ‘सेवक’ या अर्थाचा ‘ग्वास’ हा शब्द संताच्या नावाआधी जोडून मुलांची नावे ठेवीत.

शरीफ म्हणजे कुलीन, शाह म्हणजे राजा. यांपैकी ‘शाह’ हा शब्द सत्ता चालविणे या अर्थाच्या ज्या प्राचीन इराणी धातूपासून निघाला, त्याच धातूचे संस्कृत भावंड आपल्या ‘क्षत्र’ शब्दात वसलेले आहे. म्हणजे फारसीच्या दारातून आलेला हा पाहुणा दूरचा आप्तच होता. त्याचा सन्मानही तसाच झाला: शिवरायांच्या संस्कृत राजमुद्रेत, जेथे प्रतिपदेच्या चंद्ररेखेप्रमाणे वृद्धिंगत होणाऱ्या सत्तेचा उल्लेख आहे, तेथेच राजांचा परिचय शाहाचा पुत्र असा कोरलेला असून, फारसी नाव संस्कृत समासात विनासंकोच बसलेले दिसते.

शरीफजी 1624 साली भातवडीच्या रणात पडले. शहाजीराजे 1664 च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून निवर्तले. परंतु त्यांचे नाव तंजावरास गेले व त्यांचे पुत्र एकोजीराजे यांचे चिरंजीव दुसरे शहाजी 1684 पासून 1712 पर्यंत तेथील गादीवर होते. या घराण्याचा इतिहास मुलांना सांगताना उमाबाईंचा नवस आणि नगरचा तो पीर गाळू नये, एवढीच वाचकांना विनंती.