वर्धा जिल्ह्याची बोली
वर्धा जिल्ह्यात बोलली जाणारी मराठी. वऱ्हाडी आणि नागपुरी या दोन जवळच्या बोलींच्या संधिप्रदेशातली म्हणून ती अभ्यासण्याजोगी आहे. पश्चिमेला वर्धा नदीपलीकडे वऱ्हाड. पूर्वेला नागपूर, ज्यातून हा जिल्हा १८६२ मध्ये वेगळा झाला. नदी राज्यकारभाराची सीमा झाली, बोलीची मात्र कधीच झाली नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या दोन्ही बोलींची नोंद आहे.

‘ळ’च्या जागी ‘य’ (डोळा–डोया, काळा–काया), ‘ण’च्या जागी ‘न’ (पानी, कोन), ‘ला’ऐवजी ‘ले’ (मले, तुले) ही ठळक लक्षणे. ‘तू काय करून राहिला?’ ही चालू क्रियेची रचना हिंदीच्या दीर्घ शेजाराशी जोडली जाते; १९५६ पर्यंत हा भाग मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांतात होता. ‘काहून’ (का), ‘पोट्टा’ (मुलगा), ‘वावर’ (शेत) हे शब्द रोजच्या वापरातले. या बोलीला अशुद्ध मराठी म्हणणे चूक आहे. तिचे व्याकरण नियमबद्ध आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले, इतकी या परिसरातील मराठी गद्याची परंपरा जुनी आहे.

वर्ध्यातच १९३६ मध्ये हिंदीच्या प्रचारासाठी राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तिथेच ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव केला. शाळेत मात्र या बोलीऐवजी प्रमाण मराठीच आली. जिल्ह्यात मराठीखेरीज गोंडी आणि कोलामी बोलणारे आदिवासीही राहतात.