वेगवान मोटारींचे टायर

वेगवान मोटारींचे टायर : सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यासाठी बनविलेल्या, परंतु वेग, वळणावरील स्थैर्य व ब्रेकची क्षमता यांत सर्वसाधारण मोटारींहून सरस असलेल्या गाड्यांचे टायर. शर्यतीच्या मोटारीचा टायर एका शर्यतीपुरता टिकला तरी चालतो आणि पाऊस आल्यास तो बदलता येतो. रस्त्यावरील मोटारीला मात्र एकाच संचावर कोरड्या व ओल्या, थंड व तापलेल्या रस्त्यांवरून हजारो किमी. जावयाचे असते. एंजिन कितीही शक्तिशाली असले, तरी ती शक्ती चार टायरांच्या जमिनीला टेकणाऱ्या, जेमतेम तळहाताएवढ्या भागांतूनच रस्त्याला पोहोचते. त्यामुळे अशा टायरांचा इतिहास हा पकड, टिकाऊपणा व ओल्या रस्त्यावरील सुरक्षितता यांच्यातील तडजोडीचा इतिहास आहे.

हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले होते. पण तो व्यवहारात आला तो जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलीसाठी तो पुन्हा शोधून काढल्यावर. १८९५ च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत आंद्रे व एद्वार मिशलँ या बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालविली. वाटेत टायर अनेकदा पंक्चर झाले, तथापि मोटारीला असे टायर बसविता येतात एवढे सिद्ध झाले. पुढे रबरात काजळी मिसळल्याने त्याची झीज पुष्कळच कमी झाली [→ रबर].

१९५० पर्यंतचे बहुतेक सर्व टायर तिरक्या दोरांचे होते. त्यांच्या सांगाड्यातील दोरांचे थर एकमेकांना छेदत तिरपे जात असल्याने बाजूच्या भिंती व जमिनीला टेकणारा पट्टा एकत्रच वाकत. वळणावर पट्ट्याची कड उचलली जाई आणि थरांच्या आपसांतील घर्षणाने टायर तापे. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या व १९४९ मध्ये ‘एक्स’ या नावाने विक्रीस आणलेल्या रेडियल (अरीय) टायरात ही दोन कामे वेगळी करण्यात आली. दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे नेले व पट्ट्याखाली पोलादी तारांचा कमरबंद घातला. भिंती लवचिक राहिल्या, पट्टा मात्र जमिनीवर सपाट टेकू लागला. मूळ कल्पना त्याहून जुनी होती (ग्रे व स्लोपर यांचे ब्रिटिश पेटंट १९१३ चे आहे). ती बाजारात टिकेल असे उत्पादन मिशलँने केले.

नवा टायर जुन्या मोटारीला बसविला म्हणजे मोटार सुधारतेच असे नाही, हेही याच वेळी ध्यानात आले. रेडियल टायर कमी वेगाला खडबडीत धक्के देई व स्टिअरिंग जड करी. त्यासाठी स्प्रिंगांची व चाकांच्या टेकूंची रचना बदलावी लागली. सित्रोएनची डीएस (१९५५) ही प्रारंभापासूनच रेडियल टायर गृहीत धरून आखलेली मोटार होय. अमेरिकेत मात्र असे टायर कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवात १९७० च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३ पासून झाली. पुढच्या चाकांना रेडियल व मागच्यांना तिरक्या दोरांचे टायर लावणे विशेष धोक्याचे असते, कारण पुढची बाजू रस्ता धरून ठेवते आणि मागची सुटते. ब्रिटनमध्ये अशा जोडणीस कायद्यानेच बंदी आहे.

अतिवेगाचा प्रश्न निराळा होता. विशिष्ट वेगापलीकडे जमिनीवर दबलेला टायर चाक फिरून पुढे जाईपर्यंत मूळ आकारात येत नाही. त्याच्या मागील भागात स्थिर लाट उभी राहते, उष्णता झपाट्याने वाढते व पट्टा सुटून येतो. इटलीतील पिरेली कंपनीने चिंतुरातो टायरात पोलादाऐवजी कापडी दोरांचा हलका कमरबंद वापरला होता. त्यानंतर १९७४ च्या सुमारास लान्चिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या मोटारीसाठी विकसित केलेल्या पी ७ मध्ये पोलादी पट्ट्यांवर परिघाला समांतर असे नायलॉनचे दोर गुंडाळले. नायलॉन तापल्यावर आखडते, म्हणून वेग वाढला तरी पट्टा फुगत नाही. भिंतीची उंची रुंदीच्या निम्मी केल्याने टायर वळणावर कमी कलंडू लागला. पोर्श ९११ टर्बोस पुढे २०५ मिमी. व मागे २२५ मिमी. रुंदीचे पी ७ मिळू लागले. एंजिन मागे असलेल्या या मोटारीचा मागचा भाग वळणावर सुटण्याची प्रवृत्ती असल्याने ही विषमता सहेतुक होती. १९७८ च्या लॅम्बोर्गिनी काउंटॅक एलपी ४०० एस मध्ये मागची रुंदी ३४५ मिमी. वर गेली. येथून पुढे रुंदीला शोभेचेही मोल आले, आणि ग्राहकांच्या निवडीत बरीच गफलत येथेच होते.

कारण रुंद टायर कोरड्यात उपकारक असला, तरी पाण्यात तो लवकर तरंगतो. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँग्ली केंद्रात १९६० नंतरच्या दशकात विमानांच्या टायरांवर झालेल्या संशोधनानुसार टायर पाण्यावर उचलला जाण्याचा वेग त्यातील हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. दाब चौ. सेंमी.ला २·५ किग्रॅ. असल्यास हा वेग ताशी सुमारे १०० किमी. येतो, दाब १·६ पर्यंत उतरल्यास तो ८० वर येतो. मोटारीच्या रुंद टायराच्या बाबतीत प्रत्यक्ष वेग याहूनही कमी असू शकतो. पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा खोल ठेवाव्यात, तर रबराचे ठोकळे वळणावर डोलतात. १९८४ च्या कॉर्व्हेटसाठी गुडइयरने केलेल्या ईगल व्हीआर ५० या एकाच दिशेने फिरणाऱ्या टायरच्या खाचा शर्यतीतील पावसाळी टायरावरून घेतल्या होत्या. १९९० नंतर काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरात आल्याने ओल्यातील पकड वाढूनही रस्त्यावर फिरताना होणारा ऊर्जेचा व्यय घटला, हा या तडजोडीतील मोठाच लाभ होय.

टायराच्या भिंतीवरील खुणांपैकी वेगाचे अक्षर सर्वांत विश्वसनीय आहे : एच ताशी २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० व वाय ३०० किमी. (जुन्या ‘व्हीआर’ खुणेचा अर्थ मात्र केवळ ‘२१० हून अधिक’ असा होता). अमेरिकेतील झिजेचा अंक उत्पादकच ठरवितो. २०० अंकाचा टायर शासकीय चाचणीमार्गावर १०० अंकाच्या टायरच्या दुप्पट टिकावा, एवढाच त्याचा अर्थ. पकडीची श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबताना मोजतात. वळणावरील पकड ना या श्रेणीत दिसते, ना यूरोपात २०१२ पासून सक्तीच्या झालेल्या पत्रकात. म्हणून पोर्शसारखे निर्माते आपल्या मोटारींवर तपासून मान्य केलेल्या टायरांवर स्वतंत्र खूण (‘एन’ व पुढे अंक) घालवून घेतात. खाचांची खोली १·६ मिमी. उरेपर्यंत टायर यूरोपात कायदेशीर ठरतो, पण ओल्यातील पकड त्याआधीच बरीच घटलेली असते. न वापरताही रबर कठीण होत जाते. २००० पासून भिंतीवर असलेल्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात, जसे २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.