एका रंगमंचावर दोन घराणीं

एकाच बैठकींत दोन घराण्यांचे गवई गाणार अशी वार्ता आली, कीं रसिकांचे कान टवकारतात. उत्सुकता गाण्याची असतेच. पण दोघांचें जमेल कीं फाटेल, ही उत्सुकता त्याहूनहि मोठी असते. न्यूयॉर्क शहरांतील नृत्यरसिकांना असा प्रसंग १४ मे १९५९ रोजीं पाहावयास मिळाला. त्या रात्रीं 'सिटी सेंटर' या नाट्यगृहांत 'एपिसोड्स' नांवाचा प्रयोग झाला आणि त्यांत त्याच शहरांतील दोन नृत्यमंडळ्या एकत्र उतरल्या. एक मार्था ग्रॅहॅमबाईंची. दुसरी जॉर्ज बॅलन्शीन यांच्या हाताखालीं वाढलेली 'न्यूयॉर्क सिटी बॅले'.

शहर एक, पण दोघांचे कुळाचार अगदीं निराळे. बॅले ही राजदरबारांत वाढलेली कला. तींत पाय बाहेरच्या अंगास वळलेले, देह ताठ व हलका, आणि नर्तिका पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी. जणूं जमिनीशीं तिचा संबंधच नाहीं. बॅलन्शीन यांचा जन्म १९०४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. तेथील शाही विद्यालयांत ते शिकले आणि १९३३ सालीं अमेरिकेंत आले. ग्रॅहॅमबाईंनीं १९२६ सालीं आपली मंडळी उभी केली, ती हें सारें बाजूस सारून. त्यांचे नर्तक अनवाणी नाचत आणि जमिनीपासून सुटण्याऐवजीं तिलाच भिडत. श्वास सोडतांना धड आंत खेंचावयाचें व श्वास घेतांना मोकळें करावयाचें, या आकुंचन-प्रसरणावर त्यांचें सारें शास्त्र उभें होतें. नवनृत्याच्या अभिमान्यांना बॅले निर्जीव वाटे. बॅलेच्या अभिमान्यांना नवनृत्य बेढब वाटे.

या दोघांना जवळ आणलें तें संगीतानें. आंटोन वेबर्न हे व्हिएन्नाचे संगीतकार १९४५ सालीं एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीनें चुकून मारले गेले. त्यांच्या रचना अतिशय त्रोटक असतात; वाद्यवृंदासाठीं त्यांनीं लिहिलेली एक रचना तर अर्ध्या मिनिटाच्या आंतच संपते. त्यांचें वाद्यवृंदाचें संगीत रंगमंचावर आणावें आणि त्यासाठीं ग्रॅहॅमबाईंना पाचारण करावें, हा बेत बॅलेमंडळीचे एक संस्थापक लिंकन कर्स्टीन व बॅलन्शीन यांनीं आंखला. कृतीचें नांव एक राहिलें. भाग मात्र दोन झाले. पहिला बाईंनीं बांधला, दुसरा बॅलन्शीन यांनीं.

ग्रॅहॅमबाईंनीं आपल्या भागांत स्कॉटलंडची राणी मेरी उभी केली. वध होण्यापूर्वींच्या अखेरच्या क्षणीं तिला गतायुष्य आठवतें, असा प्रसंग. मेरी व इंग्लंडची राणी एलिझाबेथ यांचें वैर त्यांनीं टेनिसच्या खेळाच्या रूपानें दाखविलें. एका जागीं मेरी आपल्या ताठर काळ्या पोषाखांतून बाहेर येते आणि तो पोषाख तिच्यामागें रिकामाच उभा राहतो. राज्यपद व माणूस यांतील अंतर सांगावयास दुसरें कांहीं लागलेंच नाहीं. मेरीची भूमिका बाईंनीं स्वतः केली. तीन दिवसांपूर्वींच त्यांना पासष्ट वर्षें पूर्ण झालीं होतीं.

बॅलन्शीन यांच्या भागांत राणी नाहीं, कथा नाहीं, भरजरी पोषाख नाहीं; सरावाच्या वेळचे काळेपांढरे साधे कपडे तेवढे. एका युगुलनृत्यांत पुरुष काळ्या वेषांत व स्त्री पांढऱ्या वेषांत आहे. तीं एकमेकांना शोधतात आणि दर वेळीं हुकतात. अखेरीस वेबर्न यांनीं वाद्यवृंदासाठीं बांधलेली बाखची रचना येते आणि विखुरलेले देह पुन्हां शिस्तीनें एकत्र येतात.

श्रोते हो, एवढेंच झालें असतें तर दोन बिऱ्हाडांनीं एका वाड्यांत एक रात्र काढली, इतकेंच म्हणावें लागलें असतें. परंतु दोन्ही घरांनीं आपलीं माणसें दुसऱ्याच्या स्वाधीन केलीं. एलिझाबेथची भूमिका सॅली विल्सन या बॅलेनर्तिकेला मिळाली. ग्रॅहॅमबाईंचे शिष्य पॉल टेलर यांच्यासाठीं बॅलन्शीन यांनीं एक एकलनृत्य रचलें. दुधाच्या पेल्यांत पडलेल्या माशीसारखें तें असावें, असें बॅलन्शीन यांनीं सुचविल्याचें टेलर यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. परक्या गुरूपुढें उभें राहून आपल्या अंगवळणीं पडलेलें सारें क्षणभर विसरावयाचें, ही परीक्षा लहान नव्हे. खरा संयुक्त प्रयोग झाला असेल तर तो अशा देहांत झाला.

तो टिकला मात्र नाहीं. थोड्याच काळांत ग्रॅहॅमबाईंचा भाग बॅलेमंडळीच्या कार्यक्रमांतून गळला. टेलर यांचें एकलनृत्यहि गेलें. याचा दोष कोणाच्या हट्टाला देण्याचें कारण नाहीं. नाटकाची संहिता कपाटांत ठेवतां येते. नृत्य नर्तकांच्या अंगांतच साठविलेलें असतें. ज्या मंडळीच्या अंगीं तें मुरलें तिच्याकडेच तें राहतें. पाहुणा गेला कीं त्याचें नृत्यहि त्याच्याबरोबर जातें. बॅलन्शीन यांचा भाग आजहि त्याच नांवानें होतो. टेलर यांचें नृत्य १९८६ सालीं पुन्हां दिसलें, कारण एका तरुण नर्तकाला तें शिकविण्यास स्वतः टेलर हयात होते.

दोन मंडळ्यांनीं एका जाहिरातीखालीं यावें, हें त्यामानानें सोपें आहे. भाडें वांटून घेतां येतें, प्रेक्षक वांटून घेतां येतात. कठीण आहे तें आपला शिष्य दुसऱ्याच्या हातीं देणें आणि त्यानें तेथून जें आणलें तें जपून ठेवणें. पहिलें त्या रात्रीं साधलें. दुसरें राहून गेलें. म्हणून एकत्र प्रयोग करणाऱ्यांनीं पडदा पडल्यावर एकमेकांना एवढेंच विचारावें: तुमचें काय आमच्याकडे राहिलें आणि आमचें काय तुमच्याकडे?