टोनिपँडी : एका ग्रामनामाचे अर्थांतर

ग्रामनामाचा मूळ अर्थ कालौघात लोपणे ही नित्याची गोष्ट होय. परंतु परक्यांनी त्यास नवा आणि अन्यायकारक अर्थ चिकटवावा, असे क्वचितच घडते. दक्षिण वेल्समधील टोनिपँडी हे त्याचे एक उदाहरण आहे.

वेल्श भाषेत 'टोन' म्हणजे गवताळ रान आणि 'पँडी' म्हणजे विणलेले लोकरी कापड पाण्याच्या शक्तीने कुटून घट्ट करण्याची गिरणी. नाव असे मेंढपाळांच्या जीवनातून आलेले. १८५१ मध्ये ऱ्होंडा खोऱ्यात अगदी विरळ वस्ती होती. १९११ पर्यंत दगडी कोळशाने तेथे दीड लाखाहून अधिक माणसे आणली. प्रथम वेल्सच्या खेड्यांतून वेल्शभाषक आले, मागाहून इंग्लंडमधून इंग्रजीभाषक. गिरणीचा अर्थ मागे पडला आणि टोनिपँडी हे खाणकामगारांचे बाजारपेठेचे गाव झाले.

१९१० मध्ये तेथील एका खाणीत नव्या थरातील कोळशाच्या दरावरून तंटा उद्भवला. थर दगडमिश्रित असल्याने देऊ केलेल्या दरात पोट भरणार नाही, असे कामगारांचे म्हणणे होते. ते हेतुपुरस्सर संथ काम करतात, असा मालकांचा आरोप होता. सप्टेंबरात त्या थराशी संबंध नसलेल्यांसह सर्वांना टाळेबंदी झाली. नोव्हेंबरात केंब्रियन कम्बाइन या खाणसमूहाचे सुमारे बारा हजार कामगार संपावर गेले. ८ नोव्हेंबरला पोलिसांशी चकमकी झाल्या व मुख्य रस्त्यावरील दुकाने फुटली. डोक्यास मार लागून एक कामगार मरण पावला. गृहमंत्री चर्चिल यांनी आरंभी सैन्य वाटेत थोपवून लंडनचे पोलीस पाठविले. पुढे सैन्यही आले आणि खोऱ्यात दीर्घकाळ राहिले. ऑगस्ट १९११ मध्ये कामगारांना हार मानावी लागली.

सैनिकांनी टोनिपँडीत गोळ्या झाडल्या, असा समज मात्र पसरला. वस्तुतः तेथे गोळीबार झाला नाही. सैनिकांच्या गोळ्यांनी दोघे मेले ते १९११ मध्ये लानेलीत, रेल्वे-संपाच्या वेळी. या समजाचा आधार घेऊन जोसेफीन टे या लेखिकेने १९५१ मधील 'द डॉटर ऑफ टाइम' या कादंबरीत 'टोनिपँडी' हा शब्द 'खोटा असूनही खरा मानला गेलेला इतिहास' या अर्थी योजिला. एका चुकीच्या तपशिलापायी उपासमार, सैन्याचा तळ आणि एक मृत्यू या खऱ्या गोष्टीही दंतकथेच्या कोटीत गेल्या. डेव्हिड स्मिथ यांनी १९८० मधील आपल्या निबंधात त्या दंगलीचा नव्याने अर्थ लावला. दुकानांवरील हल्ला हा निव्वळ उच्छाद नसून गावातील सत्तेच्या रचनेविरुद्धचा रोष होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

१९६५ मध्ये शेजारच्या केंब्रियन खाणीतील स्फोटात ३१ जण दगावले. १९९० मध्ये ऱ्होंडातील शेवटची खाण बंद झाली. गिरणी गेली, कोळसा गेला, नाव उरले. त्या नावाचा कोणता अर्थ पुढे चालावा, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. ज्यांचा शब्द कागदावर उतरला, त्यांचाच अर्थ ग्राह्य मानावयाचा की ज्यांनी ते दिवस सोसले त्यांचा, याचाही निर्णय त्यात अंतर्भूत आहे.