सुई शून्यावर, कॉइल तापलेली

आजचा भाग हॅम रेडिओवाल्यांसाठी. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनीही ऐकायला हरकत नाही.

माझ्या पहिल्या ट्यूनरवर ८० मीटर बँडला मी परतणाऱ्या पॉवरची सुई अगदी शून्यावर आणली होती. एसडब्ल्यूआर एकास एक. खूश! पण हाका मारून मारून दमलो, उत्तर कुणाचंच नाही. सेट बंद करून ट्यूनरचं झाकण काढलं, तर कॉइल चटका बसेल इतकी गरम. म्हणजे पॉवरचा बराचसा भाग तारेपर्यंत न जाता डब्यातच उष्णता होऊन संपत होता.

गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धाआधी बहुतेक हौशी मंडळींकडे एसडब्ल्यूआर मीटर नव्हताच. सेटपासून अँटेनापर्यंत दोन उघड्या समांतर तारा असायच्या. त्यांच्यातला करंट जास्तीत जास्त दिसला की झालं. त्या तारांवर एसडब्ल्यूआर चिक्कार असे, तोटा मात्र नगण्य. युद्धानंतर लष्कराच्या शिल्लक मालातून कोॲक्स केबल स्वस्तात मिळू लागली. वापरायला सोपी, पण एसडब्ल्यूआर वाढला की तिच्यात तोटा चांगलाच वाढतो. मग मीटर घरोघरी आले, आणि त्यांच्यामागून 'एकास एक'चं वेड.

जुलै १९७० मध्ये अमेरिकेतल्या 'क्यूएसटी' मासिकात लू मॅकॉय यांचा 'अल्टिमेट ट्रान्समॅच' आला. आज बाजारात मिळणारे टी-जातीचे ट्यूनर म्हणजे त्याचे सोपे चुलतभाऊ: एकापुढे एक दोन कपॅसिटर, आणि मधून अर्थला जाणारी कॉइल. १९७३ मध्ये त्याच मासिकात वॉल्टर मॅक्सवेल यांची लेखमाला सुरू झाली. हे गृहस्थ आरसीएत टायरॉस या हवामान उपग्रहाच्या अँटेनावर काम केलेले. त्यांनी ठणकावून सांगितलं, की परत आलेली पॉवर म्हणजे वाया गेलेली पॉवर नव्हे. ट्यूनर तिला पुन्हा अँटेनाकडे वळवतो. वाया जातं ते केबलच्या आणि ट्यूनरच्या स्वतःच्या रोधात.

माझी चूक इथेच होती. टी ट्यूनरमध्ये सुई शून्यावर आणणाऱ्या जागा एक नाही, अनेक असतात. मीटरला सगळ्या सारख्याच, कॉइलला नाहीत. कपॅसिटर लहान ठेवून कॉइल मोठी घेतली, की तिच्यातून नुसताच फिरणारा करंट वाढतो आणि ती तापते.

म्हणून आता मी कमी पॉवरवर, दोन्ही कपॅसिटर पूर्ण भरून सुरुवात करतो. आधी फक्त कॉइल फिरवायची. जमलं नाही, तरच एखादा कपॅसिटर लागेल तितकाच कमी करायचा. आणि हो, बटणावरच्या आकड्यांवर जाऊ नका! काही ट्यूनरवर ते उलटे असतात. सेट बंद असताना झाकण उघडून पात्या एकमेकींत किती शिरल्यात ते एकदा बघून ठेवा.

तसं लावलं त्या रात्रीही सुई शून्यावरच होती. कॉइल मात्र जेमतेम कोमट, आणि तिसऱ्या हाकेला उत्तर आलं.